भिंतीवरचा कोरा सेट

इकडून बोला, इकडून — अहो, त्या बाजूनं नाही, तो कान गेलाय माझा — तिकडून बोललात तर मी नुसती मान हलवीन आणि तुम्हाला वाटेल, पटलं हिला. नाही पटलेलं. आणि जरा मोठ्यानं बोला, मागे कॉम्प्रेसर चालू आहे, आमचे मास्तर उद्याच्या बोटीसाठी हवेचे सिलिंडर भरतायत, त्या घरघरीत एका कानाचं माणूस काय ऐकणार? मीसुद्धा ओरडूनच बोलते, सवय झालीये, रागावले असं समजू नका. म्हणजे — रागावलेच आहे, पण ते तुम्ही आवाज चढवायला लावलात म्हणून नाही. तर पुन्हा सांगते, तो सेट विकायचा नाही. भिंतीवर टांगलंय म्हणजे विकायचं असतं असं कुणी सांगितलं? ते घड्याळही टांगलंय, त्याची किंमत नाही विचारलीत ती. कोरा आहे, हो, कोराच आहे, पट्ट्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, नजर चांगली आहे तुमची. पण नाही म्हणजे नाही. मास्क दाखवते, पायातले फिन दाखवते, हवं ते दाखवते, पण त्या सेटवरून डोळे काढा.

आता हे. हे तुम्ही एवढ्या कौतुकानं पिशवीतून काढून माझ्या टेबलावर मांडलंत, 'आमचं स्वतःचं आहे, आम्हाला फक्त हवा भरून द्या' म्हणालात — हात लावू नका, मी उघडते. हे एवढंसं काळं टोपण कशासाठी असतं, माहितीये? शोभेसाठी नाही. रेग्युलेटरचं हे तोंड सिलिंडरवर बसतं, इथून हवा आत येते, आणि समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून धुताना हे टोपण इथं घट्ट लावायचं, म्हणजे आत पाणी शिरत नाही. तुम्ही धुतलंत, नाही कोण म्हणतं? छान बादलीत भिजत घातलंत, चादरी भिजवतात तसं — आणि टोपण मोकळंच. लावलं होतं? मग हे हिरवं काय आहे? बघा, जाळीवरून नखानं निघतंय. गंज आहे हा, आतला, जिथं तुमचा हात पोचत नाही तिथला. आणि मग ठेवलंत कुठं? कपाटात. वर्षभर. अहो, एका गृहस्थांनी असंच कपाटातलं आणलं होतं, मी नळी सोडवली तर आतून झुरळ पडलं. मेलेलं, पण होतं झुरळच. आदल्याच दिवशी ते गृहस्थ तोंडात ती नळी धरून आरशासमोर फोटो काढून बसलेले. हसू नका. तुम्हीही काढला असणार.

स्वतःचं म्हणजे चांगलं आणि भाड्याचं म्हणजे वाईट, हे खूळ आधी डोक्यातून काढा. मी नाही म्हणत की स्वतःचं घेऊच नका. मास्क घ्या ना, जरूर घ्या — मास्क प्रत्येकाच्या तोंडावर वेगळा बसतो, दुसऱ्याच्या नाकाचा मास्क तुमच्या नाकाला काय कामाचा? मनगटावरचं खोली दाखवणारं यंत्र घ्या, म्हणजे रोज नवीन बटणं शिकायला नकोत. पण रेग्युलेटर? जो माणूस सुट्टी मिळाली तर वर्षातून एकदा पाण्यात उतरतो, त्यानं रेग्युलेटर घेऊन काय करायचं? कपाटात ठेवून झुरळं पाळायची? हे माझ्या रॅकवरचे बघा. ओरखडे पडलेत, रंग उडालाय, नळ्यांवर चिकटपट्ट्या आहेत — पण रोज पाण्यात जातात, रोज माझ्या हातांनी धुतले जातात, आणि ह्या टेबलावर, ह्याच टेबलावर, मी त्यांचा एकेक स्क्रू काढते, रबरी कड्या बदलते आणि पुन्हा लावते. काही बिघडलं तर त्याच दिवशी कळतं. तुमचं बिघडलेलं कधी कळलं असतं? खाली. जिथं दार उघडून बाहेर येता येत नाही तिथं.

काय म्हणालात? नाही, परत म्हणा. भाड्याच्या सामानानं — मास्तरांनी सांगितलं? कालच्या उजळणीच्या वर्गात? असं. काय सांगितलं? म्हणजे पूर्ण सांगितलं का? बोटीवरून उतरले, खाली गेल्यावर भाड्याच्या रेग्युलेटरनं दगा दिला, घरातलं माणूस थोडक्यात वाचलं, म्हणून सामानावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आवाजही बारीक केला असेल शेवटी. करतात. चांगलं सांगतात मास्तर, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. बायका तर — असो. आणि म्हणून तुम्हाला तुमच्या मिसेससाठी भाड्याचं नको, तो भिंतीवरचा कोरा हवा. कळलं. आत्ता कळलं. ते राहू द्या. ती गोष्ट बाजूला ठेवा. बोलवा त्यांना आत, बाहेर बाकावर कधीच्या बसल्यात, मास्क मांडीवर घेऊन. अंगाला जॅकेट लावून बघते, त्यांना बसेल असा सेट ह्याच रॅकवरून काढून देते.

का नको? घाबरतात? बरं, घाबरतात, शहाण्या आहेत. कोर्स केलाय ना त्यांनी? तुमच्याबरोबरच केलाय, परीक्षा दिलीये, कार्ड आहे. मग सामान बघायला त्या का नकोत? 'तिला नको त्या भानगडी, मी सगळं तपासून देईन, पाण्यात मी बरोबरच असेन, मी आहे ना' — अहो, मी आहे ना म्हणजे काय? काय आहात तुम्ही? तुम्ही स्वतःचं टोपण लावलं नाहीत, आणि त्यांचा सिलिंडर उघडून देणार? छातीठोकपणे सांगताय वर! एक सांगा, पाण्याखाली त्यांना हवा कमी पडली तर तुम्ही आत जाऊन त्यांच्या छातीत बसणार आहात का? श्वास कुणाचा आहे? त्यांचा. मग सिलिंडरचा नॉब कुणी उघडायचा? त्यांनी. हवेच्या दाबाचा काटा कुणी बघायचा? त्यांनी. साधी गोष्ट आहे, पण हे 'मी आहे ना' आलं की साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरत नाही! बायकोची पिशवी उचला, छत्री धरा, काय लाड करायचेत ते करा, पण तिच्या पाठीवरच्या नॉबला हात लावू नका!

तिकडे काय बघताय सारखं? मागच्या दाराकडे? इकडे लक्ष द्या. मी सांगते तुम्हाला त्या गोष्टीत काय झालं ते. घरातलं माणूस म्हणजे मी. दुसरं कोण असणार? हा कान काय जन्मापासून असा आहे? मी तेव्हा रोज उतरायची. मास्तरांपेक्षा जास्त उतरायची, हे त्यांनी सांगितलं का वर्गात? नसेल. मला पाणी आवडायचं हो — आवडायचं म्हणजे, जमिनीवर मला कधी सुचायचंच नाही काही, स्वयंपाक करताना, दुकानात बसताना, मन खालीच. खाली कुणी बोलत नाही. सासू नाही, गिऱ्हाईक नाही, नुसता आपला श्वास. त्या दिवशी पाहुणे होते बरोबर. मी रॅकवरचाच सेट घेतला, आमचं दोघांचं वेगळं सामान नव्हतंच तेव्हा, जे लोकांना तेच आम्हाला. मीच उघडून, तपासून ठेवलेला. नॉब मी स्वतः उघडला, पूर्ण. श्वास घेऊन काटा बघितला, जागच्या जागी स्थिर. उडी मारायला बोटीच्या काठावर उभी राहिले, आणि मास्तर मागून आले.

त्यांची पद्धत होती एक. त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेली, जुन्या लोकांची — उडी मारायच्या आधी प्रत्येकाच्या मागून जायचं, नॉब पुरता उघडलाय का ते फिरवून बघायचं, थांबला की मग पाव फेरा उलटा. नॉब अडकू नये म्हणून, म्हणायचे. आता, माणूस मागे उभा, बोट हलतेय, हात खांद्यावरून वाकडा गेलाय — उघडायची बाजू कुठली आणि बंद करायची कुठली? उलटं पडतं. फिरवला, फिरवला, थांबला — त्यांना वाटलं पुरता उघडला. आणि पाव फेरा मागे. म्हणजे काय झालं? कळलं तुम्हाला? पूर्ण उघडलेला नॉब पूर्ण बंद केला आणि जेमतेम किलकिला ठेवला. वर बोटीवर तेवढ्यातून हवा येते. छान येते, काही कळत नाही. खांद्यावर थाप मारली मला. म्हणाले, जा, मी आहे ना मागे.

कानांवर हात कशाला ठेवताय? मी काय एवढी ओरडतेय? ऐका. खाली गेल्यावर हवा जड होते, प्रत्येक श्वासाला जास्त लागते, आणि एवढ्याशा फटीतून ती येत नाही. ओढावी लागते. बारीक नळीतून घट्ट सरबत ओढतात ना, तशी. मी काट्याकडे बघितलं — श्वास घेतला की काटा धाडकन खाली, सोडला की पुन्हा वर. नाचत होता. बघितल्या बघितल्या मला कळलं नॉब आहे. नॉब आहे, दुसरं काही नाही. हात मागे टाकला, जॅकेट वर सरकलं होतं, पोचेना. मास्तरांकडे बघितलं. मागे होते ना ते? मागे नव्हते, पार पुढे होते, पाहुण्यांना कासव दाखवत. एक हात कासवाकडे आणि पाठ माझ्याकडे. मी सिलिंडर ठोकला, त्यांना ऐकू गेलं नसेल, नसेलच गेलं. मग मी वर आले. जोरात आले. नको होतं यायला असं, पण छाती कुणाचं ऐकते का त्या वेळी? कानाचा पडदा फाटला, आतलंही काही कायमचं गेलं, आणि फुप्फुसाचा एक कोपरा. डॉक्टर म्हणाले, आंघोळ करा, पण डोकं पाण्याखाली घालायचं नाही. कधीच.

नाही, थांबा, हळहळू नका. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हात उलटा पडला — कुणाचाही पडतो, माझाही पडला असता. ते मी तिथंच माफ केलं, बोटीच्या फळीवर पडल्या पडल्या, तोंडातून रक्ताचा फेस येत होता तेव्हाच. शपथेवर सांगते. पण मी पडले होते ती कुशीवर. हा गाल फळीला, आणि डोळ्यांसमोर माझं सामान, बोटवाल्यानं अंगावरून काढून टाकलेलं. आणि मास्तर वर आले. आरडाओरडा, पाहुणे रडतायत, आणि मास्तर आधी माझ्याकडे नाही आले. आधी सिलिंडरकडे गेले. गुडघ्यावर बसले, आणि मला त्यांचा हात दिसला नॉबवर. फिरवत होते. उघडत होते. फिरवतच होते, फिरवतच होते — पुरता उघडा असता तर फिरला असता का हो एवढा? आणि मग उठले आणि ओरडले, 'रेग्युलेटर गेला! भाड्याच्या मालानं दगा दिला!' आणि मग आले माझ्याजवळ, डोकं मांडीवर घेतलं, ढसाढसा रडले. खरं रडले. तेही मी पाहिलं.

मी वाट बघितली. दवाखान्यात वाट बघितली, घरी आल्यावर बघितली. म्हटलं, आज सांगतील, माझी औषधं संपली की सांगतील, मी नीट जेवायला लागले की सांगतील. मला काही नको होतं, फक्त त्यांनी एकदा म्हणायचं होतं, माझा हात होता. एवढंच. मी म्हटलं असतं, माहितीये मला, चहा घ्या. पण नाही. उलट एक दिवस तो सेट घेऊन आले. तोच, भिंतीवरचा. 'तुझा स्वतःचा. आता भाड्याच्या सामानाची भीती नको.' ज्या बाईला बादलीत डोकं घालायची चोरी, तिला समुद्राचा सेट! स्वतः खिळा ठोकला, स्वतः टांगला. रोज झाडताना मला दिसतो. लोक विचारतात, कुणाचा? मास्तर सांगतात, हिचा. आणि गोष्ट सुरू. आधी जेवणाच्या टेबलावर सांगायचे, मग पाहुण्यांना, आता वर्गात! मी त्या गोष्टीतली बिचारी बायको, आणि तुम्ही ती गोष्ट ऐकून माझ्या दुकानात येताय आणि मलाच सांगताय, भाड्याचं नको!

थांबा, तुम्हाला दाखवते. हा — पिवळ्या चिकटपट्टीचा. घ्या हातात, चावत नाही. हाच तो. हो, त्या दिवशीचा! बरी झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल मी? हा उघडला. ह्या टेबलावर, एकेक कडी, एकेक स्प्रिंग काढून पाहिली. काहीही झालेलं नव्हतं, केसाइतकंसुद्धा नाही. पुसला, जोडला, पिवळी पट्टी लावली आणि रॅकवर ठेवला. मुद्दाम, त्यांच्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून हा भाड्यानं जातो. शिक्षक घेऊन गेलेत, नवराबायको, म्हातारेसुद्धा. आणि मास्तर स्वतःच्या हातानं हा उचलून बोटीवर नेतात. एकदा तरी म्हणायचं होतं, हा नको, ह्यानंच घात केला होता, फेकून दे! एकदाही नाही म्हणाले. का? ज्यानं तुमची बायको मरणाच्या दारात नेली ते सामान तुम्ही दुसऱ्याच्या बायकोच्या तोंडात द्याल का? मास्तर देतात, बिनघोर देतात, कारण त्यांना माहितीये. आणि मला माहितीये की त्यांना माहितीये. आणि त्या दिवसानंतर ते कुणाच्या नॉबला हात लावत नाहीत, हे बघितलंत काल? हात मागे बांधून उभे राहतात. लोकांना वाटतं शिस्त आहे.

आणि राग मला कशाचा येतो सांगू? माझ्या कानाचा नाही. तुम्ही त्या वर्गातून काय शिकून आलात, त्याचा! सामान विकत घ्या म्हणजे वाचाल, हे शिकून आलात. श्वास घ्या आणि काट्याकडे बघा, तुमचा नॉब तुम्ही उघडा, कुणाला लावू देऊ नका, देव आला तरी नाही — हे सांगायचं होतं त्या गोष्टीत! हेच सांगण्यासाठी ती गोष्ट होती! पण ते सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागतं ना. मग ते गिळलं, आणि तुमच्यासारखे लोक हिरवा गंज छातीशी धरून येतात आणि म्हणतात, मी आहे ना. आणि बाहेर ती बाई मांडीवर मास्क घेऊन —

काय? हात कशाला दाखवताय, हळू बोलू? का म्हणून हळू? मागे एवढा कॉम्प्रेसर —

थांबा.

हा कान तिकडे आहे माझा, मला नाही कळत. बंद आहे? कॉम्प्रेसर बंद आहे? कधी बंद झाला? अहो, सांगा ना, कधी? बोटीवरच्या उडीचं सांगितलं त्याच्या आधी की नंतर? त्याच्याही आधी. मी मिसेसना बोलवा म्हणाले तेव्हाच. म्हणजे सगळं. म्हणून तुम्ही दाराकडे — आणि दार? किलकिलं आहे. बरं.

नाही, तुम्ही नका बोलू काही. मध्ये पडू नका.

हे तुमचं राहू द्या इथं, उघडून साफ करते, उद्या तुम्ही रॅकवरचाच घ्या. बाईंना आत पाठवा. एकट्यांना. तुम्ही बाकावर बसा, मास्क सांभाळा त्यांचा. त्यांना हा पिवळ्या पट्टीचा देणार आहे मी, आणि नॉब त्यांच्या हातानं उघडून घेणार आहे, पाठीवर घेऊन, मागे हात टाकून, जमेपर्यंत. आणि तो भिंतीवरचा — नाही, विकायचा नाही, म्हटलं ना एकदा. रबरं बदलते त्याची, प्लास्टिक फाडते आणि लावते रॅकला. जाईल भाड्यानं. कुणालाही जाईल. फक्त तो खिळा उंच आहे, माझा हात पोचत नाही.

मास्तर, स्टूल घेऊन बाहेर या. काही बोलू नका, बोलायची वेळ मी पुष्कळ दिली होती. नुसतं स्टूल आणा आणि तो खाली काढा.

तुम्ही अजून इथंच? जा म्हटलं ना. बाईंना पाठवा.